गरीब घरातली नायिका ‘बिचारी’ का होते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: “बीडकडच्या एका ऊसतोड कुटुंबावर कादंबरी लिहिते आहे. आई आजारी पडल्यावर सतरा वर्षांची मुलगी शाळा सोडून बापाबरोबर कोयत्याला उभी राहते. ज्यांनी वाचलं त्यांना मुलगी ‘बिचारी’ वाटते, पण लक्षात राहत नाही. तिचा भाऊ त्याच कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, वाढला आणि अगदी वेगळा निघाला, तो का, हे मलाच सांगता येत नाही. गरिबी आणि कष्ट स्वभाव नेमका कसा घडवतात आणि कादंबरीत ते आणायचं कसं? कष्टाने माणूस सोन्यासारखा उजळतो म्हणतात, ते खरं का?”

तुमची पहिली तीन प्रकरणं दोनदा वाचली. फड, म्हणजे तोड चालू असलेलं उसाचं शेत, तुम्हाला माहीत आहे, हे पानापानावर कळतं. पहाटे तीनला पेटणारी चूल, पाचटाने कापलेले हात, मोळी उचलताना मानेत येणारी कळ, सगळं खरं उतरलंय. अडचण वेगळी आहे. या सगळ्या पानांत मुलीच्या बाबतीत गोष्टी घडत राहतात आणि ती स्वतः काहीच ठरवत नाही. ऊन लागतं, मुकादम ओरडतो, भाकरी पुरत नाही, ती सोसते. सोसणं ही अवस्था झाली, तो स्वभाव नव्हे. तुमच्या नायिकेचं आणि शेजारच्या कोपीतल्या मुलीचं नाव मी मनातल्या मनात बदलून पाहिलं, तर काहीच बिघडलं नाही. वाचकाच्या मनात नेमकं हेच होतं आणि मग तो दोघींना मिळून एकच नाव देतो: बिचारी.

मी गेली तीसेक वर्षं कादंबऱ्यांची हस्तलिखितं वाचतो आणि लेखकांबरोबर बसून त्यांवर काम करतो. गरिबीवरची हस्तलिखितं त्यात खूप आली. ती वाचता वाचता माझं एक मत पक्कं झालं. गरिबीने माणूस आपोआप चांगला होत नाही की आपोआप बिघडत नाही. ती त्याला दिवसातून दहा वेळा ठरवायला लावते. आज तेल आणायचं की उद्याच्या एसटीचे पैसे राखायचे. दुकानदाराने चुकून दहा रुपये जास्त परत दिले, सांगायचं की गप्प बसायचं. बहिणीकडे पुन्हा हात पसरायचा की व्याजाने काढायचे. पोट भरलेल्या माणसाला असे प्रश्न क्वचित पडतात आणि पडले तरी उत्तर चुकल्याने फार काही कोसळत नाही. गरिबाच्या घरात रोज उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तरं देता देता प्रत्येकाची एक रेघ आखली जाते: एवढं आपल्यात चालतं, याच्या पुढचं चालत नाही. पात्र शोधायचं तर ती रेघ शोधा.

उदाहरण जुनं घेतो, कारण याहून स्वच्छ दुसरं मला सापडलेलं नाही. प्रेमचंदांची ‘गोदान’ ही हिंदी कादंबरी, १९३६ सालची. अवधातल्या खेड्यातला होरी हा पाच बिघ्यांचा शेतकरी, जमीनदार आणि सावकार दोघांच्या ओझ्याखाली दबलेला. दारात एक गाय असावी एवढीच त्याची हौस. सुरुवातीलाच आपल्याला कळतं की ताग जरा ओला करून वजन वाढवणं किंवा कापसात सरकी मिसळणं होरीला पाप वाटत नाही. भोला नावाच्या विधुर गवळ्याला लग्न जमवून देण्याची आशा लावून त्याच्याकडून उधारीवर गाय पदरात पाडून घ्यायलाही तो तयार होतो. गाय हाती आल्यातच जमा असते. तेवढ्यात बोलता बोलता भोला सांगतो की घरात वैरण उरलेली नाही, म्हणून जनावर काढायची वेळ आलीय. होरी तिथे थांबतो. अडलेल्याची गाय तो घेत नाही, उलट आपल्या घरचा भुसा त्याला देऊ करतो.

एकाच सकाळी लबाडीही आहे आणि ही माघारही आहे. होरी ‘गरीब पण प्रामाणिक’ या साच्यात बसत नाही, ‘गरिबीने लबाड झालेला’ यातही बसत नाही. सावकाराला किंवा व्यापाऱ्याला थोडं फसवणं त्याच्या रेघेच्या अलीकडे आहे. अडचणीतल्या माणसाचा फायदा उठवणं पलीकडे आहे. ही रेघ कुठल्या पोथीतून आलेली नाही. तो स्वतः आयुष्यभर अडलेला आहे आणि त्याच्या अडचणीवर कोण कोण शेकून घेतं हे त्याला पाठ आहे, म्हणून ती नेमकी तिथे पडली आहे.

पुढे गाय दारात येते. सख्खा भाऊ हिरा मत्सरापोटी तिला विष घालतो. त्या रात्री हिराला गोठ्याजवळ पाहिलेलं असूनही होरी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून खोटी शपथ घेतो की आपण काही पाहिलं नाही. फौजदार हिराच्या घराची झडती घ्यायला निघतो तेव्हा ती टळावी म्हणून लाच द्यायला होरी कर्ज काढतो. भावाच्या घराची झडती म्हणजे आपल्याच घराण्याची बेअब्रू, हे त्याचं गणित. बायको धनिया ते पैसे हिसकावून सगळ्यांसमोर फेकून देते. गरिबी तीच, घर तेच, पैसे तेच, आणि दोघांच्या रेघा दोन टोकांना. होरी अब्रूसाठी कर्जात बुडायला तयार आहे. घरातला दाणागोटा मोजणारी बाई धनिया आहे, तिला ही अब्रू परवडत नाही. पण हीच धनिया, मुलगा गोबर एका विधवेला दिवस गेलेल्या अवस्थेत दारात सोडून पळून जातो, तेव्हा आधी शिव्या देते आणि मग तिला घरात घेते. त्यापायी पंचायतीचा दंड बसतो आणि तो कुटुंबाला पार खाली नेतो. म्हणजे जिथे होरी पैसे उधळतो तिथे ती अडवते, आणि जिथे गाव अडवतं तिथे ती सगळं पणाला लावते. तिला तुम्ही दुसऱ्या कुणाशी बदलू शकाल का?

गोबर शहरात जातो, चार पैसे कमावतो आणि व्याजाने पैसे लावायला लागतो. कर्जदाराचा मुलगा सावकारी शिकतो. कर्ज कसं चालतं हे त्याने लहानपणापासून खालच्या बाजूने पाहिलेलं असतं, म्हणून ते वरच्या बाजूने चालवायला त्याला वेगळं शिकावं लागत नाही. इथे तुमच्या भावाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे, त्याकडे येतोच.

शेवटी होरीची रेघ मोडते. जमीन वाचवायला तो धाकट्या मुलीचं लग्न, जवळजवळ आपल्याच वयाच्या माणसाशी लावतो आणि त्यापोटी २०० रुपये घेतो. ते घेताना त्याचा हात थरथरतो. आयुष्यभर अडलेल्याचा फायदा न घेणारा माणूस स्वतःच्या मुलीच्या बाबतीत तिथपर्यंत येऊन पोचतो. या एका थरथरण्यासाठी प्रेमचंदांनी शेकडो पानं तयारी केली आहे. ती ओल्या तागाची, भोलाच्या वैरणीची पानं आधी नसती, तर इथे आपल्याला होरीची फक्त कीव आली असती. ती होती म्हणून आपल्याला तो मोडताना दिसतो.

आता भाऊ. एकाच घरात दोन मुलं वेगळी का निघतात, याचं उत्तर मला माझ्याच घरातून मिळालं. आम्ही दोघे भाऊ. शाळेची खाकी पँट थोरल्याला शिवायची, ती दोन वर्षांनी माझ्याकडे यायची. शिवतानाच आई शिंप्याला सांगून पायाला खाली चार बोटं जास्तीची दुमड ठेवायला लावायची. दर जूनमध्ये टीप उसवून पँट एक बोट लांब व्हायची. पण जिथे जुनी दुमड होती तिथे कापडाचा रंग टिकलेला असायचा, त्यामुळे पायाभोवती एक गडद पट्टी उमटायची. माझ्याकडे येईपर्यंत तशा तीन पट्ट्या व्हायच्या. वर्गात कुणीही पट्ट्या मोजून पँटचं वय सांगू शकायचं. थोरला ती पट्टी लपवायला मोजे घोट्याच्या वर ताणून पँट आत खोचायचा, शेवटच्या बाकावर बसायचा, फळ्याकडे जायची वेळ आली की उत्तर येत असूनही गप्प राहायचा. मला त्या पट्ट्यांचं फारसं काही वाटायचं नाही, कारण माझ्यापर्यंत येताना ती थोरल्याची पँट होती आणि मला थोरल्यासारखं दिसायचं होतं.

कापड एकच होतं. त्याच्यासाठी ती लाज होती, माझ्यासाठी बढती. पुढे तो कधीही कुणाकडून उसनं न घेणारा, भाड्याच्या घरातसुद्धा पाहुण्यांना दोन गोड पदार्थ करायला लावणारा माणूस झाला. मी मागून घेताना आजही कचरत नाही. यातलं कुठलं चांगलं हे मला ठरवायचं नाही. सांगायचं एवढंच की गरिबी घरावर एकदम येत असली तरी प्रत्येकावर वेगळ्या तारखेला, वेगळ्या वस्तूतून येते. तुमच्या भावंडांसाठी ती वस्तू शोधा. बहिणीची शाळा ज्या दिवशी सुटली त्या दिवशी भावाने काय पाहिलं? उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, घेताना बाप मुकादमासमोर कसा बसला होता, खाटेवर की जमिनीवर, आणि हे मुलाने पाहिलं का? मला वाटतं, तुमचा भाऊ तिथे गोबर झाला. त्याला मुकादमाचा राग येत नाही, त्याला मुकादम व्हायचंय. तुमच्या दुसऱ्या प्रकरणात तो मुकादमाच्या मोटारसायकलवर बसून गावात जातो. ते एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात आणि पुढे सरकलात. त्या वाक्यावर परत या.

यापुढचं सांगणं लेखकांना कोरडं वाटतं, पण मी प्रत्येकाला हे करायला लावतो. कादंबरी बाजूला ठेवा, वही घ्या आणि त्या घराचा हिशेब मांडा. आकड्यांशिवाय गरिबी म्हणजे नुसतं वातावरण राहतं. तुमच्या प्रकरणांत ‘उचल फिटत नव्हती’ असं चार वेळा येतं. किती उचल? धरा, बाप-लेकीच्या एका कोयत्यावर एक लाख रुपये घेतले. २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्के वाढ मिळाली आणि तोडणीचा दर टनाला साधारण ३६६ रुपयांवर गेला. एक कोयता, म्हणजे दोन माणसं, दिवसाला दीड ते दोन टन तोडतात. अगदी पुरे दोन टन धरले तरी दोघांचे मिळून ७३२ रुपये. लाख रुपये फिटायला १३७ दिवस लागतात. यात एकही सुट्टी नाही, एकही पावसाचा दिवस नाही, आणि दर आठवड्याला पीठ-मिठासाठी घेतलेली खर्ची यात अजून वळती केलेलीच नाही. हंगाम कसाबसा पाच महिन्यांचा. आता मुलगी एक दिवस तापाने पडली. कोयता मोडला, म्हणजे जोडी तुटली; बाप एकटा उभा राहिला तर तो अर्धा कोयता. तुमच्या मुकादमाने दिवसाचा खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, ५०० रुपये लावला असेल आणि त्या दिवशी दोघांचंही काम बुडालं, तर त्या तापाची किंमत १,२३२ रुपये, औषध सोडून.

हा आकडा मुलीला ठाऊक असणार. सतरा वर्षांची, शाळेत गेलेली मुलगी हा हिशेब डोक्यात करणारच. म्हणजे ताप आलेल्या पहाटे तिच्यापुढे नुसती अंगदुखी नाही. ती उठली तर का उठली? बापाच्या धाकाने, खाड्याच्या भीतीने, की ‘आईसारखी ही पण पडली’ असं कुणी म्हणू नये म्हणून? ही तिन्ही उत्तरं तीन वेगळ्या मुली देतात. आणि समजा ती उठलीच नाही, १,२३२ रुपये जाऊ दिले आणि पडून राहिली, तर ती चौथी मुलगी. मला तीच सर्वांत जास्त वाचायला आवडेल. आत्ता तुमच्या मजकुरात ती उठते, कारण ऊसतोड मुली उठतात. त्या वाक्यात ती हरवते.

हिशेबाचा आणखी एक परिणाम पात्रावर होतो, आणि सुखवस्तू लेखकांच्या तो ध्यानात येत नाही. टंचाईने माणसाचं मन व्यापून टाकलेलं असतं. याचा अभ्यास झालाय आणि तो उसाशीच जोडलेला आहे. तमिळनाडूतल्या ५४ गावांमधल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची अर्थशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञांनी मिळून चाचणी घेतली, २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. उसाचे पैसे वर्षातून एकदा येतात, म्हणून तोडीच्या आधी शेतकरी ओढाताणीत असतो आणि नंतर जरा मोकळा. त्याच शेतकऱ्याने बुद्धीच्या चाचणीत तोडीआधी कमी आणि तोडीनंतर जास्त गुण मिळवले. माणूस बदलला नव्हता, डोक्यावरचं ओझं बदललं होतं.

तुमच्यासाठी याचा उपयोग असा: बाप दुसऱ्या प्रकरणात मुलीच्या आधारकार्डाची पिशवी एसटीत विसरतो आणि तुम्ही लिहिता, ‘तो होताच वेंधळा’. हे काढून टाका. वेंधळेपणा त्याचा स्वभाव नाही. पट्टा पडल्यावर, हंगाम संपून गावी आल्यावर, तो कसा वागतो ते एकदा दाखवा. लिंबाखाली बसून तो शेजाऱ्याच्या रेडिओचं काय बिघडलंय हे शांतपणे शोधून काढतो, असं काहीतरी. वाचकाला मग कळेल की फडातला बाप हा अर्धाच बाप होता. गरिबीने घडवलेला स्वभाव आणि गरिबीने झाकलेला स्वभाव यांत लेखकाने गल्लत केली की पात्रावर अन्याय होतो.

आता रेघेच्या दुसऱ्या बाजूकडे. माणूस काय करत नाही यात जसा स्वभाव दिसतो, तसाच परवडत नसताना तो कशावर खर्च करतो यातही दिसतो. नॉर्वेच्या क्नूट हामसूनची ‘भूक’ ही १८९० सालची कादंबरी. ख्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लोमध्ये उपाशी फिरणारा एक तरुण लेखक तिचा नायक आहे. एक म्हातारा भिकारी त्याच्याकडे हात पसरतो. नायकाच्या खिशात दमडी नाही. तो जाऊन अंगातलं जाकीट गहाण टाकतो आणि त्यातले पैसे त्या भिकाऱ्याला द्यायला येतो. स्वतः उपाशी आहे, तरी ‘माझ्याकडे नाही’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही. थोड्या वेळाने त्याला आठवतं की पेन्सिलीचा तुकडा जाकिटाच्या खिशातच राहिला, आणि तो तेवढ्यासाठी परत गहाणवटवाल्याकडे जातो. जाकीट गेलं तर चालेल, पेन्सिल जाता कामा नये. त्या माणसाबद्दल आणखी काय सांगायला हवं?

आपल्या घराघरांत असे खर्च दिसतात. हप्ता थकलेला असताना जावळाला गाव जेवू घालणारा बाप असतो. पायात चप्पल नसताना मुलीच्या कानात सोन्याचा कण असावा म्हणून भिशी लावणारी आई असते. बाहेरचा माणूस याला अडाणीपणा म्हणतो. लेखकाने तसं म्हणायचं नसतं. तो खर्च म्हणजे त्या माणसाचं ‘मी अजून माणसांत आहे’ हे सांगणं असतं. तुमच्या बापाला असा एक खर्च द्या आणि मुलीला तो खर्च मनापासून पटू देऊ नका. त्या दोघांचं खरं भांडण तिथे होईल, मुकादमावरून होणार नाही.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट स्वतंत्र सांगावीशी वाटते. गरीब घरात कमाई कुणाचीही असो, पुरवठ्याला आणण्याचं काम बाईचं असतं. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ या १९६० च्या कादंबरीतली कौतिक पाहा. नवरा संसाराला हात लावत नाही आणि सगळा भार एकट्या कौतिकवर येतो. शेळके तिला देवी करत नाहीत. ती चिडते, टोचून बोलते, हट्ट धरते, आणि हे सगळं तिच्या वऱ्हाडी बोलीत येत असल्यामुळे तिची तक्रारसुद्धा ताठ कण्याची वाटते. तुमची मुलगी मात्र पुस्तकी मराठीत विचार करते. तिच्या मनातलं बोलणं बीडच्या बोलीत आणा. गरिबीचं शब्दांकन करणारी भाषा लेखकाची असली की पात्र आपोआप पाहण्याची वस्तू होतं, ती त्याची स्वतःची असली की तेच पात्र जगाकडे पाहायला लागतं. आणि एक बारीकशी गोष्ट: तुमची मुलगी तीन ठिकाणी ‘आम्ही गरीब’ म्हणते. माझ्या अनुभवात माणसं आपसांत असं बोलत नाहीत. ‘औंदा जमंना’, ‘हात अडलाय’, ‘पुढल्या साली बघू’ असं बोलतात. ‘आम्ही गरीब’ हे वाक्य वरच्या माणसापुढे काढायचं असतं, सवलत मागताना. मुलगी ते वापरणारच असेल तर हत्यार म्हणून वापरू द्या. ती ते कुणापुढे उच्चारते आणि कुणापुढे जीव गेला तरी उच्चारत नाही, तेही तिच्या रेघेतच येतं.

जातीबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. ते जाणूनबुजून असेल तर फेरविचार करा. महाराष्ट्रात नुसती गरिबी अशी नसते. दुष्काळात भाकरी मागायला कुणाच्या दारात जाता येतं, कुणाच्या अंगणापर्यंतच जाता येतं, चोरी झाली की पोलीस आधी कुणाच्या वस्तीत शिरतात, हे रिकाम्या डब्याइतकंच स्वभाव घडवतं. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’मध्ये, जी १९५९ साली आली, उपाशी माणसांसाठी धान्य लुटणं नायकाला गुन्हा वाटत नाही. मांगवाड्याच्या जगण्यातून ती रेघ तशी पडलेली आहे. तोच प्रसंग होरीच्या आयुष्यात घाला, तो मेला तरी करणार नाही. भुकेची तीव्रता दोघांची सारखी धरली तरी दोघांना जगाने वागवलंय वेगळं. एकाला अजून गमावण्यासारखी अब्रू दिलेली आहे, दुसऱ्याला जगाने ती कधी देऊच केली नाही, म्हणून त्याने स्वतःची वेगळी घडवली. तुमच्या टोळीत कोण कोणाच्या हंड्यातलं पाणी पितं, हे तुम्हाला माहीत असणार. ते लिहा.

‘कष्टाने माणूस सोन्यासारखा उजळतो’ या कल्पनेबद्दल विचारलंय. तिच्यापासून लांब राहा, एवढंच सांगेन. कष्टाने माणसं कणखर होतात, तशीच कडवट होतात, घाबरट होतात, हिशेबी होतात, आणि पुष्कळदा एकाच माणसात हे सगळं एका आठवड्यात दिसतं. उजळायचं की नाही हे ठरलेलं असेल तर लिहिताना तुम्हाला काही शोधायला उरत नाही, आणि वाचकालाही ते कळतं.

आता तुमच्या हस्तलिखिताबद्दल शेवटचं, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं. तिसऱ्या प्रकरणात एका ओळीत येतं की तोड झाल्यावर मुलगी वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधून गावातल्या म्हशीवाल्यांना विकते. तुम्ही ते फडाचं दृश्य म्हणून लिहिलंय. मला तिथे तुमची कादंबरी दिसली. ऊस मोजला जातो कारखान्यात, लिहिला जातो मुकादमाच्या वहीत, आणि त्याचे पैसे उचलीत आधीच खर्च झालेले असतात. त्या घरात हातात प्रत्यक्ष येणारे, कुठल्याही वहीत न जाणारे पैसे असतील तर ते एवढेच, वाढ्यांचे. दिवसाचे शंभर, कधी दीडशे. हे पैसे ती कुणाला देते? बापाला सगळे देते, की वीस रुपये कमी करून देते? कमी देत असेल तर ते वीस रुपये कुठे ठेवते, पिठाच्या डब्यात की ओढणीच्या गाठीला? आईच्या गोळ्यांसाठी, की दहावीच्या फॉर्मसाठी, की भावाच्या मोबाइलवर एक तास रिचार्ज घालून जुन्या मैत्रिणीशी बोलण्यासाठी? आणि आई, जी कोपीत दिवसभर पडून आहे आणि जिच्या कानाला नाण्यांचा आवाज कळतो, ती हे ओळखते का? ओळखून गप्प बसते का?

बाकी प्रकरणं तशीच राहू द्या. आधी हा एक प्रसंग लिहा, संध्याकाळी, गाडी निघून गेल्यावर, मुलगी पैसे मोजते तिथपासून.